लीव्ह म्हणजे रजा, लीव्ह म्हणजे रामराम

"दादा, मी लीव्ह मागितली होती. त्यांनी मला लीव्हच करून टाकलं."

गेल्या हिवाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर हा आवाजी निरोप आला. पाठवणारा भाऊ दापोलीकडचा, सौदीत जुबेलला पाइप फॅब्रिकेटर. एकाच कंपनीत सहा वर्षं काढलेली, एकदाही गैरहजेरी नाही. आधी मला वाटलं गडी चेष्टा करतोय. मग पुढचं ऐकलं आणि चहा तसाच राहिला.

झालं असं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. हा ऑफिसला गेला, टाइमकीपरला म्हणाला, लीव्ह पाहिजे. टाइमकीपरने कागद पुढे केला, अर्धा इंग्रजी, अर्धा अरबी. "लीव्ह का पेपर है, साइन मारो." कागदाच्या माथ्यावर लीव्ह हा शब्द होता, तो याने ओळखला. खाली चौकोन होते: वार्षिक, आजारपण, बिनपगारी, आणि शेवटचा फायनल. त्याखाली एक ओळ: मला अमुक तारखेपासून कंपनी लीव्ह करायची आहे. तीही ओळ याने वाचली. लीव्ह होतं ना त्यात! सही केली, अंगठाही दिला. पैसे मिळाले ते नेहमीपेक्षा बरे वाटले, म्हणून खूश होऊन विमानात बसला. लग्न झालं, पूजा झाली, महिना सरत आला. परतीचं तिकीट कधी पाठवताय म्हणून फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, तुझं खुरूज निहाई झालंय, तिकीट कसलं मागतोस?

ज्यांनी सौदी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. देशाबाहेर पडायचे तिथे दोन रस्ते. एक खुरूज-औदा, म्हणजे जा आणि परत ये. दुसरा खुरूज निहाई, म्हणजे जा तो कायमचा. पहिल्यात नोकरी आणि इकामा चालू राहतो, दुसऱ्यात दोन्ही संपतात. आपला भाऊ पहिल्या रस्त्यावर उभा आहे असं समजत होता आणि कागदावर दुसऱ्या रस्त्याने चालून गेला होता.

ही फसवणूक होती की हलगर्जी, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. टाइमकीपरही आपल्यासारखाच पगारी माणूस, त्याचं इंग्रजी आपल्याइतकंच. पण एक गोष्ट नक्की. त्या कागदावर एकच शब्द दोन वेळा आला होता, दोन्ही वेळा बरोबर आला होता, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा होता.

म्हणून यावेळचा अग्रलेख कुठल्या मंत्रालयावर नाही, कुठल्या कफीलवरही नाही. तो लीव्ह या शब्दावर आहे. मी भाषेचा पंडित नाही. आयटीआय करून आलो आणि आखातात सतरा वर्षं स्टोअर सांभाळलं. पण स्टोअरकीपरला एक सवय लागते: दोन वस्तू एकाच खोक्यात आल्या तर त्या वेगळ्या करून ठेवायच्या. तेच इथे करतोय.

खोक्यात एक नाही, तीन शब्द निघाले.

पहिला लीव्ह म्हणजे परवानगी. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा शब्द होता तेव्हा त्याचा सुट्टीशी काही संबंध नव्हता. धन्याने चाकराला, राजाने सरदाराला दिलेली मोकळीक म्हणजे लीव्ह. 'टेक लीव्ह' म्हणजे निघायची परवानगी घेणं, आणि ती घेऊनच माणूस उठायचा, म्हणून पुढे त्याचा अर्थ निरोप घेणं असा झाला. सैन्यात आणि नोकरीत दूर जाण्याची परवानगी ती लीव्ह, आणि मग त्या परवानगीने मिळालेले दिवस तेही लीव्हच. आज आपण 'तीस दिवसांची लीव्ह' म्हणतो, म्हणजे खरं तर तीस दिवसांची परवानगी म्हणतो.

या शब्दाचं कूळ आणखी मागे नेलं तर गंमत आहे. भाषा अभ्यासणारे लोक त्याला लव्ह म्हणजे प्रेम आणि बिलीव्ह म्हणजे विश्वास यांच्या कुळात घालतात. जे आवडतं त्याला आपण मोकळीक देतो, असं काहीसं नातं. आणि त्याच मुळाची एक फांदी संस्कृतात आली, ती म्हणजे लुभ्, लोभ. पत्राच्या शेवटी आपले आजोबा लिहायचे ना, 'लोभ असावा ही विनंती', तोच लोभ. म्हणजे लीव्हचा अर्ज लिहिणारा माणूस नकळत मालकाला 'लोभ असावा' असंच म्हणत असतो.

दुसरा लीव्ह म्हणजे सोडून जाणं. हा सर्वस्वी वेगळा शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप निराळं होतं, उच्चार निराळा होता, घासून घासून दोघांचा आवाज एक झाला इतकंच. आणि त्याचा मूळ अर्थ सोडून जाणं हाही नव्हता. मूळ अर्थ होता मागे राहू देणं, मागे ठेवणं. म्हणूनच इंग्रजीत 'लीव्ह युअर पासपोर्ट हिअर' म्हणतात तेव्हा पासपोर्ट कुठेही जात नसतो, तो तिथेच राहतो. (तो त्यांच्याकडे ठेवायचा की नाही, हा वेगळा विषय. ठेवायचा नाही.) जाणारा वेगळा, राहणारी वस्तू वेगळी, आणि क्रियापद एकच. मूळ भर होता राहणाऱ्यावर, पुढे तो सरकत सरकत जाणाऱ्यावर आला.

या दुसऱ्या शब्दाचं मूळ आहे चिकटून राहणं. लिव्ह म्हणजे जगणं, लाइफ म्हणजे आयुष्य, हे त्याचे सख्खे भाऊबंद. ऱ्हस्व लिव्ह आणि दीर्घ लीव्ह यांत आपल्यातले निम्मे लोक बोलताना फरक करत नाहीत, आणि सुपरवायझर हसतो. पुढच्या वेळी त्याला सांगा की ते एकाच घरातले आहेत. इकडे संस्कृतात त्याच मुळाचा लिप्, लेप झाला आणि मराठीत आला लिंपणं. भिंत लिंपतो, चूल लिंपतो, ते लिंपणं. इंग्रजीतलं सोडून जाणं आणि आपलं लिंपणं एका मुळाचं आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक उलटं ठेवून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. घर सोडून आलेल्या माणसाने याच्यावर काय बोलावं?

मराठीत या दुसऱ्या लीव्हला एक शब्द पुरत नाही. आपण सोडणं आणि ठेवणं वेगळं करतो. "पोरं आईकडे ठेवून आलोय," असं कॅम्पमधला प्रत्येक जण म्हणतो. "पोरं सोडून आलोय," असं कुणी म्हणत नाही, म्हटलं तर बाजूचा चपापून बघेल. इंग्रजीत दोन्ही वाक्यं एकच होतात. म्हणून अर्जावर लीव्ह लिहिणारा कारकून आणि तो अर्ज मनात मराठीत वाचणारा आपला माणूस, दोघं दोन वेगळे कागद वाचत असतात.

तिसरा लीव्ह म्हणजे पान. एक असलं तर लीफ, अनेक असली तर लीव्हज. जुन्या इंग्रजीत पान आणि परवानगी हे दोन शब्द अगदी एकसारखे लिहिले जात, तरी त्यांचं नातं काही नाही. त्याच्यावर वेळ घालवत नाही. एवढंच लक्षात ठेवा की कॉम्प्युटरवर भाषांतर करताना 'लीव्हज बॅलन्स' चं 'पानांची शिल्लक' झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता आपल्याकडे या. आपण रजा म्हणतो. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा मूळ अर्थ संमती, खुशी. 'आता रजा घेतो' म्हणून पाहुणे उठतात, तेव्हा ते यजमानाची संमतीच घेत असतात, इंग्रजांच्या टेक लीव्हसारखीच. याच मुळातून राजी आला, मर्जी आला. आणि त्याच घरातला एक दूरचा नातेवाईक आपल्याला चांगला माहीत आहे: राजीनामा. मूळ अर्थ संमतीपत्र. गावाकडे जमिनीचे जुने कागद चाळले तर जुन्या खातेदाराने जमीन सोडल्याचा राजीनामा आणि नव्याने ती घेतल्याची कबुलायत सापडते. सोडायला मी राजी आहे, हे लिहून दिलं की तो राजीनामा. नोकरीचा राजीनामा त्यातूनच आला.

म्हणजे मराठीतही रजा आणि राजीनामा एकाच आईची लेकरं. फरक एवढाच की रजेत मालक राजी असतो आणि राजीनाम्यात आपण. दापोलीच्या भावाने मालकाची संमती मागितली आणि स्वतःची देऊन बसला.

अरबीतही हेच. तुमच्या पगारपत्रकावर रजेसाठी जो शब्द छापलेला असतो तो इजाझा. हिंदी सिनेमातली इजाजत तीच. तिचं मूळ पार होणं, पुढे जाऊ देणं, आणि त्याच मुळाचा जवाज म्हणजे पासपोर्ट. सौदीत ज्या खात्याच्या रांगेत आपण उभे राहतो ते जवाजात हे त्याचंच अनेकवचन. जर्मनांचा सुट्टीचा शब्द उरलाऊब, तोही परवानगीच्याच मुळाचा. डच लोकांचा फरलोफ इंग्रजीत जाऊन फर्लो झाला, कंपनी सरकारच्या गोऱ्या अंमलदारांना विलायतेला जायला मिळायची ती फर्लो. आज महाराष्ट्रात हा शब्द सगळ्यात जास्त कुठे ऐकू येतो? तुरुंगात. कैद्याला मिळणारी फर्लो, तिला मराठीत संचित रजा म्हणतात. आणि शिक्षा पुरी व्हायच्या आत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश कैद्यांना बाहेर राहून काम करायला जो कागद मिळायचा त्याचं नाव होतं 'टिकिट ऑफ लीव्ह'.

मालक, सैन्य, तुरुंग. कुठल्याही भाषेत जा, हा शब्द याच तीन ठिकाणी वाढलेला दिसतो. एकटी आपली सुट्टी वेगळी, ती सुटण्यातून आली. त्यात कुणाची परवानगी नाही. बैल औतातून सुटतो तशी. पण सुट्टी हा शब्द अर्जावर चालत नाही, बोलण्यातच चालतो.

मुंबई-पुण्यात भाड्याने राहिलेल्यांनी हा शब्द आणखी एका कागदावर पाहिला असेल: लीव्ह अँड लायसन. अकरा महिन्यांचा करार. मला कित्येक वर्षं वाटायचं की लीव्ह म्हणजे मुदत संपली की जागा सोडायची, म्हणून ते नाव. नाही. तिथेही लीव्ह म्हणजे परवानगी आणि लायसन म्हणजेही परवानगी, एक जुन्या इंग्रजीतून आलेला, दुसरा लॅटिनकडून. वकिलांना एकच गोष्ट दोनदा म्हणायची खोड. अर्थ असा की जागेत राहायची मोकळीक आहे, जागेवर हक्क नाही.

इंग्लंडमधल्या आपल्या वाचकांना हे वाचून हसू येईल, कारण त्यांचा अख्खा मुक्काम याच शब्दावर उभा आहे. तिथल्या १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यात व्हिसापेक्षा लीव्ह हा शब्द महत्त्वाचा. जो ब्रिटिश नागरिक नाही त्याला देशात यायला लीव्ह लागते, राहायला लीव्ह लागते, आणि कायम राहायची परवानगी मिळाली तर तिचं नाव 'इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन'. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं डोकं फिरतं. लीव्ह म्हणजे जा, रिमेन म्हणजे राहा, मग अनिश्चित काळ जाऊन राहायचं म्हणजे काय? लंडनच्या एका किचनमध्ये काम करणाऱ्या आमच्या मित्राच्या बायकोने गावी सासूला फोन करून सांगितलं होतं की यांना लीव्हचा कागद आलाय. सासूने रडून घर डोक्यावर घेतलं. कागद खरं तर पेढे वाटण्यासारखा होता.

बरं, त्याच देशाने २३ जून २०१६ ला मतदान घेतलं ते लीव्ह की रिमेन यावर, आणि तिथे लीव्ह म्हणजे युरोपातून बाहेर पडणं. मूळ अर्थ मागे राहू देणं असलेला शब्द रिमेनच्या विरुद्ध उभा राहिला आणि जिंकलाही. शब्द कुठून कुठे जातात!

तिथल्या वाचकांना एक कामाची गोष्ट. लीव्हची मुदत संपायच्या आत पुढचा अर्ज रीतसर गेला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुनी लीव्ह कायद्यानेच चालू राहते. एक दिवस उशीर झाला तर राहत नाही. मुदतीच्या तारखेपुढे बायको-पोरांचे वाढदिवसही दुय्यम.

आता मुद्द्याचं. शब्दाचं मूळ परवानगी असलं तरी कायदा आज तसं म्हणत नाही. हे आपल्या लोकांच्या गळी उतरवणं फार जड जातं. फोरमनच्या पुढे हात बांधून "साब, लीव्ह दे दो" म्हणणारा माणूस मनातून अजून हजार वर्षांपूर्वीच्याच अर्थात असतो: धन्याची मर्जी. वार्षिक रजा ही मर्जी नाही. ती केलेल्या कामाची मजुरी आहे, दिवसांच्या रूपात साठलेली.

सौदीत कामगार कायद्याच्या १०९ व्या कलमाप्रमाणे वर्षाला किमान २१ दिवस पगारी रजा, आणि एकाच मालकाकडे सलग ५ वर्षं झाली की ३० दिवस. पैसेही जायच्या आधी द्यायचे. अमिरातीत २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, वर्षाला ३० दिवस. सहा महिने झाले पण वर्ष झालं नसेल तर महिन्याला २ दिवस. कतारमध्ये ५ वर्षांच्या आत ३ आठवडे, नंतर ४. ओमान, बहरीन, कुवेत, तिन्हीकडे ३० दिवस. रजा न घेता नोकरी सुटली तर उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतात. घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर यांचे नियम बहुतेक देशांत वेगळे आहेत, त्यांनी आपला करार काढून बघावा.

अमेरिकेतल्या भावांनी हे वाचून जळू नये. तिथे केंद्र सरकारचा पगारी वार्षिक रजेचा कायदाच नाही. जगातला एवढा श्रीमंत देश, आणि लीव्ह अजून शब्दशः मालकाची मर्जी.

मालकाच्या हातात काय आहे? तारीख. कामाचा हंगाम बघून रजा कधी द्यायची हे तो ठरवू शकतो. अमिरातीत त्याने ती तारीख किमान महिनाभर आधी कळवायची असते, आणि तुमची इच्छा नसताना दोन वर्षांहून जास्त काळ रजा अडवून धरता येत नाही. कधी जायचं हा त्याचा हक्क, जायचं हा तुमचा. एवढी एक रेघ डोक्यात पक्की असली की बोलण्याचा सूर बदलतो. हात बांधायची गरज नाही, आवाज चढवायचीही नाही.

इमर्जन्सीचं मात्र वेगळं. आई गेली, भाऊ गेला, आणि रात्रीत निघायचंय. कायद्यात दुःखाचे दिवस दिलेले आहेत, अमिरातीत नवरा-बायकोसाठी ५, आईवडील-भावंडांसाठी ३. पण तीन दिवसांत दुबईहून गडहिंग्लजला जाऊन दिवस-कार्य करून कुणी परत आलाय का? उरलेले दिवस वार्षिक रजेतून किंवा बिनपगारी, आणि ते खरोखर मालकाच्या मर्जीवर. इथे जुना अर्थ अजून जिवंत आहे. म्हणून सांगतो, थोडे दिवस शिल्लक ठेवत जा. सगळी रजा लग्नसराईत उधळू नका.

आणि एक फरक: रजा मिळणं वेगळं, देशाबाहेर पडता येणं वेगळं. सौदीत मार्च २०२१ पासून बहुतेक खासगी कामगारांना जा-ये व्हिसा मालकाच्या होकाराशिवाय स्वतः काढता येतो, पण घरकामगार आणि काही कामं त्यातून वगळलेली आहेत. कतारने बहुतेकांसाठी बाहेर पडायचा परवाना २०१८ मध्ये काढून टाकला. कुवेत उलट्या दिशेने गेलं, तिथे १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगाराला देशाबाहेर जाण्याआधी मालकाकडून मंजूर झालेला परवाना काढावा लागतो. लीव्ह मंजूर आणि परवाना नामंजूर, असं होऊ शकतं. विमानतळावर समजण्यापेक्षा आधी समजलेलं बरं.

परवानगीशिवाय निघालात तर? इंग्रजीत त्याला थट्टेने फ्रेंच लीव्ह म्हणतात, न सांगता सटकणं. फ्रेंच लोक त्यालाच 'इंग्रजांसारखं सटकणं' म्हणतात. आपण कुणाला नावं न ठेवता दांडी मारणं म्हणतो. पण आखातात दांडी स्वस्त नाही. अमिरातीत योग्य कारणाशिवाय सलग ७ दिवसांहून जास्त किंवा वर्षभरात तुकड्या-तुकड्याने २० दिवसांहून जास्त गैरहजर राहिलात तर मालक नोटीस न देता काढू शकतो. रजेवरून परत यायला उशीर होणार असेल तर फोनवर 'साब, दो दिन' पुरत नाही. लेखी कळवा, मेसेज जपून ठेवा, डॉक्टरचा कागद घ्या.

हे सगळं आज कायद्याच्या पुस्तकात आहे ते कुणी लोभाने दिलेलं नाही. मॉरिशसला १८३४ पासून जी गिरमिटिया माणसं गेली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि घाटावरचे आपले लोकही होते. तिथे उसाच्या मळ्यावर एक नियम होता, डबल कट. एक दिवस कामावर आला नाहीस तर दोन दिवसांची मजुरी कापायची. ताप आला तरी. म्हणजे रजा नुसती बिनपगारी नव्हती, तिला दंड होता. इकडे मुंबईत गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीही नव्हती. पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे नारायण मेघाजी लोखंडे, दीनबंधू चालवणारे, त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षं लागली एका रविवाराला. आणि लक्षात घ्या, त्या मागणीचं शस्त्र सहीच होतं. न वाचता मारलेली नाही, समजून केलेली.

आपल्या दापोलीच्या भावाकडे परत येतो. त्याला वाटलेले बरे पैसे खरं तर कमी होते. सौदी कायद्यात सर्व्हिसचा हिशोब असा: पहिल्या ५ वर्षांना दर वर्षी अर्धा महिना, पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिना. सहा वर्षांचे झाले साडेतीन महिने. त्याचा पगार १८०० रियाल, म्हणजे ६३०० रियाल. पण कागदावर त्याने स्वतः लीव्ह केलं होतं, राजीनामा. ५ ते १० वर्षांत राजीनामा दिला तर दोन तृतीयांशच मिळतात. हातात आले ४२००. उरलेले २१०० रियाल एका शब्दाच्या दोन अर्थांच्या मधल्या फटीत पडले, नोकरी गेली ती वेगळीच.

निघायच्या आधी अब्शिरवर एकदा व्हिसाचा प्रकार बघितला असता तर तिथेच दिसलं असतं. हे त्याला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, बहिणीचं लग्न होतं, मी बांगड्या मोजत होतो." यावर मी काय बोलणार?

सौदीत कामगाराला नोकरी संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. त्याने ती केली आहे, एका मित्राच्या नावे वकालतपत्र देऊन. आधी समझोत्याची बैठक, मग गरज पडली तर कोर्ट. निकाल अजून नाही, आला की इथे लिहीन.

तोवर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय की अर्ज लिहायचा तरी कसा. आमचं मत असं: लीव्ह हा शब्द एकटा कधीच लिहू नका. त्याच्या आधी 'अ‍ॅन्युअल' लावा. पुढे जायची तारीख आणि कामावर परत यायची तारीख, दोन्ही लिहा. परतीची तारीख असलेला कागद राजीनामा म्हणून वाचता येत नाही. 'ऑन लीव्ह' म्हणजे रजेवर, 'टू लीव्ह' म्हणजे सोडायला. या दोन अक्षरी शब्दांवर नजर ठेवा. फायनल, एक्झिट, सेटलमेंट यांपैकी काही दिसलं तर पेन खाली ठेवा आणि फोटो काढून वाचता येणाऱ्याला पाठवा. अरबी भाग कोरा असेल तर सही नाही. सौदीत बऱ्याच कंपन्या लीव्हऐवजी व्हेकेशन म्हणतात, ते जरा बरं, पण व्हेकेट म्हणजे खाली करणं तिथेही दबा धरून आहेच. आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो घरच्यांच्या फोनवर असू द्या.

दापोलीचा भाऊ आता ओमानला सोहारमध्ये लागलाय, पगार थोडा कमी आहे. गेल्या आठवड्यात त्याने नव्या कंपनीतला पहिला रजेचा अर्ज मला दाखवायला पाठवला. अर्ध्या पानाचा होता. जायची तारीख, यायची तारीख, ड्यूटीवर कोणत्या वाजता हजर होणार ती वेळसुद्धा. खाली त्याने स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत एक वाक्य घातलं होतं, ज्याचा अर्थ होतो: मी कंपनी सोडत नाही, फक्त गणपतीला घरी जातोय.

व्याकरणाच्या दोन चुका होत्या. मी तशाच राहू दिल्या.